आकडे लिहिणारी

डॉक्टर लविना आकडे सांगतात, मी लिहिते.
तीन, दोन, तीन. पुढचा दात. तीन, तीन, चार.
डिचोलीच्या बाजारात, पहिल्या मजल्यावर.
खाली मासळीची घासाघीस, वर आमची कुजबुज.

खुर्चीत सगुण चोडणकर, वय त्रेसष्ट.
चोडणच्या खाजनात भरतीला मिटणारी, ओहोटीला उघडणारी
मानशीची लाकडी दारं सांभाळतो.
तोंड उघडं, डोळे पंख्यावर.
'दुखता?'
'ना गे बाय.'
पाच. सहा. पाच.
'आतां?'
'ना.'
सात.

सळी बोथट असते, तिच्यावर मिलिमीटरच्या काळ्या खुणा.
दात आणि हिरडीच्या फटीत हळूच सोडायची,
कुठे टेकते ते सांगायचं.
तीनपर्यंत ठीक. चारला मी पेन बदलते.
सगुणच्या कागदावर मागच्या दाढा
सगळ्या लाल.

लोकांना वाटतं, भिंतीत खिळा तसा हाडात दात.
मलाही वाटायचं.
पण तो टांगलेला असतो,
केसाहून बारीक हजारो दोऱ्यांवर,
घास आला की किंचित दबतो, पुन्हा वर येतो.
म्हणून तर तिसऱ्यांच्या सुक्यात वाळूचा एक कण आला
की माणूस जेवता जेवता थांबतो, बायकोकडे बघतो.
एवढं कळतं त्या दोऱ्यांना.
आणि एकेक तुटत जातात तेव्हा
चकार शब्द नाही.

डॉक्टर समजावू लागल्या : रोज एक पातळ थर बसतो,
जिभेला बुळबुळीत, झाडला नाही तर त्याचा दगड होतो,
दगडावर नवा थर, मग तो हिरडीखाली उतरतो...
सगुणनं हात वर केला. नळी काढायला लावली.
'मानशीच्या दारार कालवां धरतात, तशें?'
'तसंच.'
'आनी मागीर कुर्ल्यो.'

कुर्ल्या बांधात बीळ पाडतात, बोटाएवढं.
वर गवत हिरवंगार, पोरं सायकली नेतात,
आतून खारं पाणी माती पळवतं, चिमूट चिमूट.
'बांद फुटता पुनवेक,' तो म्हणाला,
'पूण मेल्लो आसता ताचे आदींच.'
डॉक्टरांनी सळी खाली ठेवली.

रक्त येतं? येतं. पेरू खाताना, पांढऱ्या गरावर.
कधीपासून? धाकटीचं लग्न झालं तेव्हापासून.
मग काय केलंत?
त्या बाजूला घासायचं सोडलं.
मिश्री लावली. फेणीची गुळणी केली,
अर्धी थुंकली.
साखर तपासलीत कधी?
पंख्याकडे बघत राहिला.

खालची डावी दाढ त्याच दिवशी गेली.
जोर लागलाच नाही,
भिजल्या चिखलातली मेढ निघावी तशी आली हातात.
त्यानं ती मागून घेतली, खिडकीशी नेली.
मुळाच्या टोकापर्यंत खडबडीत काळा चुना,
वर मात्र पांढरी, अखंड,
कीड शोधून सापडेना.
'ही बरी आसली मगे?'
बरीच होती.
जमीन गेली होती तिची.

गेलेलं हाड सहसा परत येत नाही, डॉक्टर म्हणाल्या,
उरलेलं राखता येईल. मुळं खरवडू,
तुम्ही रोज दोनदा घासा, रक्त आलं तरी घासा,
फटीफटीतून बारीक ब्रश, दर तीन महिन्यांनी इथं.
'म्हणजे सोंपचें ना,' सगुण म्हणाला,
कुरकुर नव्हती त्यात. कामाचा माणूस.
दाढ रुमालात बांधून खिशात घातली,
पाचची फेरी गाठायची होती.

रात्री मी घासते तेव्हा
बेसिनमध्ये थोडं गुलाबी येतं.
नळ सोडला की जातं.
सहा वर्षं झाली,
मी नळ सोडतेय.