काना-मात्रा फुकट

अक्षराला दोन रुपये.
काना, मात्रा, वेलांटी फुकट.
जोडाक्षर एकच धरतो.

रविवार पेठेत, भांड्यांच्या दुकानाच्या पायरीवर
ही माझी जागा. आधी वडलांची.
त्यांच्याकडे छिन्नी होती, हातोडी होती,
ठिपक्या-ठिपक्यांनी नाव उमटायचं.
माझ्याकडे मशीन आहे,
दातांच्या डॉक्टरसारखं कुरकुरतं.
शिकलगार आम्ही, पण शुद्धलेखन पक्कं.
पुण्यात ऱ्हस्व-दीर्घ चुकलं तर भांडं परत येतं,
सोबत व्याकरणही येतं.

पूर्वी एक लग्न दोन दिवस पुरायचं.
घागर, परात, डब्यांची उतरंड,
चि. सौ. कां. अमकी हिस मामाकडून.
मुलीचं नवं नाव चिठ्ठीवर लिहून आणायचे.
तिचं तिला अजून पाठ नसायचं,
आणि मी ते पितळेत पक्कं करून टाकायचो.

आता 'सौ.' गेली. भांड्यामागे दोन रुपये बुडाले.
परवा एका जोडप्याला कुकरवर
दोन्ही आडनावं हवी होती, मध्ये रेघ.
रेघेचे मी घेत नाही.
एक बाई म्हणाली, हे नाव पुसून द्या.
म्हटलं, पुसता येत नाही. घासता येतं,
पण घासलेलं दिसतं.
म्हणाली, दिसू दे.

दिवाळी झाली आणि संघमित्रा रणपिसे आल्या.
बँकेत मोठ्या हुद्द्यावर. स्कूटरच्या डिकीतून
पेपरात गुंडाळलेला पेला काढला.
स्टीलचा, काठाला चेपलेला.
"यावर नाव घाला."
सवयीने उलटा केला.
बुडाला फुली.

एक रेघ लांब, एक तोकडी, डावखुऱ्या हाताची.
माझीच.
साल आठवत नाही, वाक्य आठवतं:
"नाव नको हो, नुसती खूण. आमच्यांत मिसळायला नको."
किती सभ्य बोलणं होतं त्यांचं.
कोणासाठी, मी विचारलं नाही.
खुणेचे काय घ्यायचे, म्हणून पैसेही घेतले नाहीत,
आणि घरी जाताना स्वतःला उदार वाटलो.

"आई एकवीस वर्षं यातून चहा प्यायची.
मागच्या खिडकीत पालथा असायचा.
काम सुटलं तेव्हा घेऊन आली.
मी चिडले, कशाला आणलास?
तर म्हणाली, माझाच आहे ना."

सांगून टाकलं, फुली माझ्या हातची.
त्यांनी पेल्याकडे पाहिलं, मग माझ्या हाताकडे.
म्हटलं, घासून काढतो.
"नको. राहू दे. नाव समोर घाला. हौसा."
हौसाबाई?
"बाई सगळेच म्हणायचे. नुसतं हौसा."

दोन अक्षरं.
मशीन टेकवलं तर 'स'ची गाठ जमेना,
असं कधी होत नाही माझं.
शेवटी वडलांची छिन्नी काढली.
रिकामा पेला फार वाजतो.
समोरचा दुकानदार दोनदा बघून गेला.

पैसे नको म्हटलं.
"नावाचे द्यायचे असतात," म्हणाल्या,
आणि चार रुपये मोजून पायरीवर ठेवले.

त्याच आठवड्यात बालेवाडीचा एक मुलगा आला,
अठराव्या मजल्यावरचा, अगदी मनमोकळा.
सहा मग. त्याचा, बायकोचा, मुलीचा,
कुत्र्याच्या पाण्याचाही एक, नाव मराठीतच हवं, गंमत म्हणून.
चार झाले.
"हे दोन कामवाल्या मावशी आणि वॉचमनचे.
यांवर नाव नको. काहीतरी खूण करा.
हायजीन हो काका, बाकी आम्ही काही मानत नाही."
म्हटलं, मशीन बिघडलंय.
मशीन माझ्या हातात गुरगुरत होतं.
"असू दे," तो हसला, "आम्ही स्टिकर लावतो."

कुत्र्याचं नाव मोचा.
दोन अक्षरं. चार रुपये.
फोनवर आले, टिंग करून.