कापडाची कात्री

कुट्टूचं पीठ नवरात्रातलं उरलेलं,
मोंढ्यातल्या किराण्यात, मागच्या फळीवर.
दुकानदार म्हणाला, आत्ता उपास कोणता?
मी म्हटलं, कोरियाचा.
तो हसला नाही. पुडी बांधली, पाच रुपये कमी घेतले.

वैशाख. मानवतला दुपारी दोनला
रस्त्यानं फक्त ऊन चालतं.
चार दिवस अण्णांनी भाकरी मोडली नव्हती.
अर्धा गिलास ताक,
की परत मशीनवर, लग्नसराईचे ब्लाऊज.

मी एका मालिकेत पाहिलं होतं,
एक मुलगी रडत रडत खाते
बर्फ घातलेल्या काळपट शेवया.
रडणं मला पटलं नाही.
बर्फ पटला.

दोन वाट्या कुट्टू, एक वाटी बटाट्याचं सत्त्व.
ते मिळालं नाही, साबुदाणा दळून आणला.
पाणी उकळतं हवं. मळताना हात भाजतो,
भाजू द्यायचा.
आईचा पितळी सोऱ्या, बारीक चकती,
आणि दाबायला शेजारची फरजाना,
तिच्या मनगटात बळ आहे.
थेट आधणात. साठ आकडे. लगेच गार पाण्यात
चोळून चोळून धुवायच्या,
नव्या कापडाची खळ काढतात तशा.

रस्सा दोन दिवस आधीचा:
मुळ्याच्या चकत्या, मीठ, साखर, आलं,
बरणीत आपलं आपण आंबट झालेलं पाणी.
तिकडे मांसाचं असतं म्हणे. आमच्या घरात माळ.
वर काकडी, मोहरी फेसून,
गोदेच्या वाळूतल्या टरबुजाचा पांढरा गर,
आणि अंड्याच्या जागी लिंबाची फोड,
पिवळं तेवढंच.

ऐन वेळी वीज गेली.
दहा रुपयांचा बर्फ भुशासकट रुमालात बांधला,
घरी येईतो सहाचा उरला.

अण्णा वाटीत बघून म्हणाले,
काळा दोरा गुंतलाय कुणाचा?
पहिला घास तुटेचना.
त्यांना वरचे दात तीन. हनुवटीवरून पाणी.
मी म्हटलं, तिकडे कात्रीनं कापतात. वाटीतच.

घर गप्प झालं.
कारण कात्री म्हणजे ती: दहा इंची, काळ्या मुठीची,
आजोबांनी हैदराबादेहून आणलेली.
तिनं पतंगाचा कागद कापला म्हणून
सातवीत मी मार खाल्लाय.
आई आजही दुधाची पिशवी दातानं फाडते.

अण्णा उठून दुकानात गेले.
आले ते कात्री साबणानं धुऊन,
चिंधीनं पुसत.
वाटीत एक उभा काप. एक आडवा.
थांबले, डोळा बारीक करून,
बाहीचा घोळ बघतात तसे.
मग अजून एक, तिरका.
तो कशाला, मला कळलं नाही.

सगळं खाल्लं. रस्सा वाटीला तोंड लावून.
बर्फाचा खडा एका गालात धरून
दुसऱ्या गालानं म्हणाले, मोहरी कमी पडली.
आई म्हणाली, यापेक्षा धिरडी झाली असती.
फरजानानं काही न बोलता दुसरी वाटी भरली.

रात्री वीज आली.
अण्णा कात्रीच्या खिळ्याला तेल देत होते.
सांध्यातून एक शेवई निघाली,
वाळलेली, वीतभर.
त्यांनी ती दिव्यासमोर धरली,
आणि सवयीनं
तिचं टोक ओठांत ओलं केलं.