आधी तळघर

ये मू पॉ, वर नंतर जाऊ. आधी तळघरात उतर.
वरचा उजेड, पडदे, नुकतंच रंगवलेलं दार
हे विकणाऱ्यानं मांडून ठेवलेलं असतं,
आणि विकणारी मीच आहे, म्हणून सांगते.
भिंतीला तळहात लाव. तिथं नाही, खाली, जमिनीलगत.
बफेलोत घर बघावं ते बर्फ वितळायच्या आठवड्यात.
उन्हाळ्यात सगळीच घरं साळसूद दिसतात.

हा बॉयलर. सत्तावीस वर्षांचा.
हा मरेल तो रविवारी रात्रीच,
ईरी सरोवरावरून वारा सुटलेला असताना,
आणि वरच्या मजल्यावर कुणाचं तरी तान्हं असेल.
तेव्हा भाडं हातात आलं म्हणजे ते तुझं झालं असं समजू नकोस.
दहातले तीन आधी बॉयलरचे, छपराचे,
आणि ज्याचं नाव अजून कळलेलं नाही अशा कशाचे तरी.
मग बँकेचे.
त्यातूनही उरले तर बूट घे.
मी पहिली सहा वर्षं नवऱ्याचे जुने बूट वापरले,
आत मोजे कोंबून.

तुझा मावसभाऊ खालच्या मजल्यावर येणार म्हणालीस.
येऊ दे. कागद कर.
तोंडी ठरलेलं म्हणजे गोठलेल्या तळ्यावरची वाट,
एप्रिलमध्ये ती कुठून जात होती
हे दोघांनाही आठवत नाही,
आणि दोघंही शपथ घेतात.

भाडेकरू बघताना त्याच्या आत्ताच्या मालकाला विचारू नकोस.
सुटका हवी असेल तर तो गोडच बोलेल.
त्याच्या आधीच्याला फोन कर.
सगळ्यांना तेच प्रश्न, त्याच क्रमानं.
मी ते एका कार्डावर लिहून ठेवले होते.
लोक लबाड असतात म्हणून नाही,
मी कशी आहे ते मला माहीत होतं म्हणून.

आता हे ऐक. कुणी विचारत नाही, मीही सांगत नाही.
चौऱ्याण्णव साली वर ग्लेंडन ऑस्बी राहायचा,
बायको सोडून गेलेली, एक मुलगा.
तीन महिने भाडं थकलं.
दीर म्हणाला, बर्नडीन, कुलूप बदल आणि मोकळी हो.
मी बदललं. दुपारचे दोन वाजले होते.
साडेतीनला मुलगा शाळेतून आला,
किल्ली दोनदा फिरवली,
मग पायरीवर बसला, ट्रंपेटची पेटी मांडीवर घेऊन.
मी पडद्याआड उभी.
किती वेळ, ते विचारू नकोस.

न्यायाधीशबाईंनी मला जो दंड केला
तो थकलेल्या भाड्याच्या दुप्पट होता.
तो फेडला मी, हप्त्यानं.

काढायचं तर कोर्टातून काढ, किंवा समोर बस,
सामानाच्या ट्रकचे पैसे तू दे, हात मिळव, किल्ली घे.
स्वस्त पडतं. मी दोन्ही केलंय, हिशेब आहे माझ्याकडे.
आणि आदल्या दिवशी सांगितल्याशिवाय वर जायचं नाही.
छप्पर तुझं, पण त्याखालचा स्वयंपाक त्यांचा.

घर पाहावं बांधून, असं म्हणणाऱ्यांनी
ते कधी भाड्यानं दिलं नसावं.

फोटो काढ. प्रत्येक खोलीचा, कोपऱ्यांसकट,
ते यायच्या आधी, ते गेल्यावर.
पावत्या बुटांच्या खोक्यात ठेव,
आता तुला खोकं मिळेलच.
नळ गळतोय असा फोन आला तर त्याच दिवशी जा,
भाडं चुकवण्याची पहिली सबब
बहुतेक आपणच हातात दिलेली असते.

चल, कॉफी गार होईल. गुडघा धरतो माझा, तू पुढे हो.

थांब. हात बघू.
ओला आहे ना?
मग इतका वेळ मान काय हलवतेस?
मी सांगितलेल्या किमतीतून चार हजार कमी करून माग.
मी नाही म्हणेन.
पुन्हा माग.