एक माप डाळ

पुस्तकातले बाप कायम मुलाच्या तिप्पट वयाचे.
पाच वर्षांपूर्वी म्हणे चौपट होते.
समीर तांबोळी विचारतो,
"सर, बापालाच सरळ विचारलं तर?"
नववीचा वर्ग हसतो. मीही हसतो,
आणि फळ्यावर लिहितो:
समजा, मुलाचे आजचे वय क्ष.

औशाच्या पुढं, रस्त्याला लागून आमची शाळा.
हजेरीपटात निम्मी पोरं एक जूनला जन्मलेली.
गुरुजींना एवढी एकच तारीख सोपी वाटायची.
मीही एक जूनचाच.

तेवढ्यात दारात सोजरबाई.
पदराला हळद, हातात घडी घातलेला फॉर्म.
"म्हातारपणाच्या पगारीचा हाय. पासष्ट लागतेत म्हणं.
आधारवर पोरानं अंदाजानं टाकलंय,
माजा काय त्यावर भरवसा न्हाई.
खरं किती, ते बगा."

"जन्म कोणत्या सालचा?"
"ते कुणाला ठावं."
"लग्नात किती वर्षांच्या होतात?"
"न्हाणं येऊन झालं हुतं, इतकंच."

मी खडू ठेवणार होतो.
पण ती खिचडी शिजवणारी बाई.
तिच्याजवळ आकडे नव्हते, मापं होती.

"एक माप डाळ म्हंजी म्हायेर.
त्याच्यावर तीन मापं तांदूळ, तितकं सासर,
आजच्या दिसापत्तूर.
आन् किल्लारीचा भूकंप झाला न्हवं का,
तवा दोन्ही पारडी बरुबर हुती.
पत्र्याखाली रात काढताना म्या मोजलं हुतं.
म्हणलं, फिटलं. आता इथलीच."

वर्गात कुणी खोकलंसुद्धा नाही.
प्रांजली न विचारता उठली.
समजा, माहेर क्ष.
सासर तीन क्ष. आजचं वय चार क्ष.
भूकंपात दोन क्ष.
भूकंपाला यंदा बत्तीस वर्षं,
म्हणून दोन क्ष अधिक बत्तीस बरोबर चार क्ष.

"काय मांडलालाव गं बाई?" सोजरबाई पुढं आली.
"ही फुली कसली?"
"फुली नाही मावशी, क्ष.
जे माहीत नाही, त्याचं नाव."
"आसं व्हय," म्हणाली,
आणि क्षकडं बघत राहिली,
गावाकडचं कुणी भेटावं तशी.

दोन क्ष इकडून तिकडं गेले,
चिन्ह बदललं.
बत्तीस बरोबर दोन क्ष.
समीर ओरडला, "चौसष्ट! सर, चौसष्ट!"

एक वर्ष कमी.

आता काय बोलायचं मला सुचेना.
एक जूनचा माणूस मी,
एका वर्षाची हेराफेरी मला नवी नव्हती.
खडू बोटांत होता, खोटं लिहिणं सोपं होतं.
सोजरबाईच म्हणाली, "ऱ्हाऊ द्या.
पुढल्या साली भरू. लेकरांनी इतकं खरं काढलंय."
फॉर्म परत चौघडी केला, कनवटीला लावला.
"भात बगते," म्हणून गेली.

पोरं चौसष्टवर खूश होती.
प्रांजली मात्र खाली बसली नाही.
तिनं चौसष्टला हात लावला नाही,
त्याच्या वरच्या ओळीभोवती गोल काढला.

क्ष बरोबर सोळा.

मग तिनं खिडकीजवळच्या तिसऱ्या बाकाकडं पाहिलं.
दिवाळीच्या सुट्टीनंतर तिथं
एकाच दप्तराची जागा भरलेली असते.
हजेरीत त्या दुसऱ्या नावापुढं मी रोज 'ग' लिहितो.
गैरहजर. कारणाच्या रकान्यात काही नाही.

"सर," ती म्हणाली,
"ताळा करू का?"

कर, म्हणालो.
तिनं मोठ्यानं वाचून दाखवलं:
सोळा, बत्तीस, चौसष्ट.
दोन्ही बाजू समान आल्या.

घंटा झाली, वर्ग ताटं घेऊन धावला.
मी फळा पुसला, वरून खाली.
तो गोल तेवढा ओल्या फडक्यानंही नीट जाईना.