हात लावून

मंगळवारी आणि शुक्रवारी रात्री आठला
मी पार्टेबाईंना साताऱ्याहून मेटगुताडला परत आणतो.
हीटरचं बटण लाल खुणेपर्यंत पुरतं फिरवतो.
पंखा घुमतो. वारा येतो, गार.
मेढ्यात गार, केळघर घाटात त्याहून गार.
बाई बोलत नाहीत. तीस वर्षं पोस्टात काढलेली,
थांबायची सवय.
फक्त मशीनवरून उतरल्यावर त्यांचे दात वाजतात.
पहिल्या खेपेला तो आवाज मला इंजिनातला वाटला,
मी उतरून बॉनेट उघडलं होतं.

गाडी सांगलीची, माझ्याआधी दोघांची.
मालक म्हणाला होता, हीटर?
आमच्याकडं एसी पुरंना, हीटर कोण बघतंय.
मीही बघितला नव्हता.
वैशाखात गाडी घेणारा टायर बघतो.

गोडोलीत शौकत डांगेचं गॅरेज.
चार तास बाई तिकडं, तेवढ्यात गाडी इकडं.
मी म्हणालो, थर्मोस्टॅट गेला असणार.
काटा कुठं असतो?
मध्ये.
घाट उतरताना?
मध्येच.
मग त्या गरिबाला कशाला नाव ठेवतो.

टाकीतलं पाणी भरलेलं, पण चहाच्या रंगाचं.
डॅशबोर्डखाली डोकं घालून त्यानं
मला बटण फिरवायला लावलं.
केबल हलली, झडप वळली. तिचाही गुन्हा नाही.
मग इंजिन तापू दिलं आणि म्हणाला,
हात लावून बघ.
केबिनच्या पत्र्यात शिरणाऱ्या दोन नळ्या.
एक पोळली, बोट तोंडात घालावं लागलं.
दुसरी माठाच्या बुडासारखी.
"गरम पाणी दारापर्यंत येतंय," शौकत म्हणाला,
"आत कुणी घेत नाय त्याला."

इंजिन निवेपर्यंत चहा.
मग नळ्या सोडवल्या, आणि पाणी जिथून बाहेर यायचं
तिथूनच उलटं आत सोडलं,
बेतानं. जोर केला तर कॉइल फुटंल,
मग अख्खा डॅशबोर्ड खोला.
आधी काहीच नाही.
मग थेंब. मग एकदम
गंज, खपल्या, कुणाच्या तरी बोअरचा क्षार,
सांगलीचे कितीतरी उन्हाळे बादलीत.
चौथ्या बादलीला पाणी पाण्यासारखं दिसलं.

नवं कूलंट भरून गाडी चढावर लावली, नाक वर करून,
झाकण उघडं, इंजिन चालू.
अडकलेली हवा बुडबुड करत येत राहिली
आणि आम्ही दोघं वाकून बसलो,
चुलीवरच्या दुधाला राखण बसतात तसे.
पैसे घेताना शौकत म्हणाला,
कायमचं नाय हे. साचंल परत. आलास की काढू.

बाई आल्या. दंडावर पट्टी.
मी सांगत सुटलो: दोन नळ्या, एक गरम, एक गार,
आत सगळा गाळ…
त्यांनी शालीतून हात बाहेर काढला.
"माझ्यापण दोनच. एक न्यायची, एक आणायची."
मग पट्टीच्या खाली, मनगटाकडं बोट दाखवून,
"हात लावून बघ. घाबरू नको."
कातडीखाली काहीतरी घुमत होतं,
बारीक, न थांबता.
हात कधी काढायचा ते मला कळेना.

मेढा गेलं.
घाटाच्या दुसऱ्या वळणावर जाळीतून आधी धूळ आली,
मग ओल्या लोखंडाचा वास,
मग चिंचेचं एक वाळकं पान
बाईंच्या मांडीवर. ते सांगलीचंच असणार.
आणि मग ऊब.
मी कान देऊन ऐकत होतो.
इंजिनाशिवाय कसलाच आवाज नव्हता.

वरच्या धाब्याचे दिवे दिसायला लागले तेव्हा
त्यांनी मफलर सोडला, म्हणाल्या,
"अंकुशा, जरा बारीक कर रे."

मी बटण अर्ध्यावर आणलं.
मग, त्या खिडकीबाहेर बघत असताना,
पुन्हा थोडं वाढवलं.