बाहेरचं कडं

प्रॅक्टिकल नंबर नऊ :
जमिनीत पाणी मुरण्याचा वेग.
परभणी, पिंगळगड नाल्याच्या अलीकडचा प्लॉट,
एप्रिल, सकाळचे सव्वासात,
आणि पायाखाली अशा भेगा
की सुमेधची पेन्सिल पडली
ती गेलीच.

मैनोद्दीनमामांनी कडी आणली सायकलला बांधून,
दोन लोखंडी कडी, एकात एक बसणारी,
बूड काढलेल्या पिंपांसारखी.
वर लाकडी ठोकळा ठेवून घण घालायचे
फिरत फिरत, चारी अंगांनी सारखा.
"एकाच अंगानं हाणलं की कडं रुसतंय."
आम्ही हाणलं. रुसलं.
मामांनी उपटून पुन्हा बसवलं, न हसता.

लोहगावे सर म्हणाले,
मोजायचं ते आतल्या कड्यातलं.
बाहेरचं पाणी नुसतं भरत राहायचं.
ते आतल्याला आडवं पळू देत नाही,
सरळ खाली जाऊ देतं.
मी वही पाहिली. बाहेरच्यासाठी
खरंच रकाना नव्हता.

पहिल्या मिनिटाला नऊ सेंटिमीटर. दुसऱ्याला सात.
भाग्यश्री पट्टीवर वाकून ओरडायची, मी लिहायची,
आणि भेग प्यायची, घटघट ऐकू येईल अशी,
उन्हातून आलेला माणूस
तांब्या खाली न ठेवता पितो तशी.
मग हळूहळू माती फुगली.
भेगांनी ओठ मिटले.
दहा मिनिटांत दोन मिलिमीटर,
पुढच्या दहांत तेवढेच.
सरांच्या फळ्यावरची रेषा
आता आमच्याही कागदावर आडवी झोपू लागली होती.

तेव्हा बांधावर एक बाई थांबली,
कमरेवर घागर, रिकामीच.
"काय पेरायलात तिथं?"
"काही नाही. मोजतोय."
"काय?"
"पाणी मुरायला किती वेळ लागतो ते."
तिनं पिंपाकडं पाहिलं.
दोनशे लिटरचं, तळाला आलेलं.
"आमच्या नळाला आज नववा दिवस," ती म्हणाली.
रागानं नव्हे. रीडिंग सांगावं तसं.

सर तिकडं दुसऱ्या बॅचला लेव्हल लावून देत होते.
मामांनी आमच्यापैकी कुणाला विचारलं नाही.
पिंप तिरपं केलं,
पदराची गाळणी तिनं धरली, घागर भरली.
जाताना वाकून आमच्या कड्यात डोकावली
आणि म्हणाली, "हे तर गढूळ झालं."

पंचाहत्तराव्या मिनिटाला बाहेरचं कडं कोरडं पडलं.
आतलं पाणी लगेच आडवं धावलं :
दोनाचे सहा मिलिमीटर.
सुमेध म्हणाला, दोनच लिही,
ग्राफ छान येईल, सर लगेच सही करतील.
मी पेन उचललं.
मामा घणाला लागलेली माती
बोटानं काढत बसले होते,
माझ्याकडं बघत नव्हते, एवढंच काय ते.

सहा लिहिलं.

दुपारी लॅबमध्ये त्याच मातीच्या डब्या
एकशेपाच अंशांवर ठेवल्या, चोवीस तास.
डबी नंबर सतरा : आधी त्र्याहत्तर ग्रॅम, नंतर पासष्ट.
काट्यावर जे उरतं ते उत्तर नसतं,
जे उडून गेलं ते मोजायचं असतं.
हे मला तिसऱ्या वर्षाला कळलं,
मामांना विचारलं तर म्हणाले, "त्यात काय कळायचंय?"

तोंडी परीक्षेला सरांनी ग्राफवर बोट ठेवलं.
आडव्या रेषेवर मध्येच उठलेलं एक टेंगूळ.
"हे काय आहे?"
मी सांगितलं, बाहेरच्या कड्यात पाणी कमी पडलं, सर.
"का कमी पडलं?"

खिडकीबाहेर मामा कडी धूत होते,
अर्ध्या मगात, दोन्ही.
सर थोडा वेळ तिकडं बघत राहिले.
मग त्यांनी टेंगळाभोवती लाल गोल काढला
आणि त्या गोलाच्या बाहेर
सही केली.