ताटातला मासा

जानेवारीत हतनूरचं पाणी बोलत नाही.
केळीची पानं करपू नयेत म्हणून
बागांच्या बांधावर रात्रभर धूर केलेला असतो,
तो उतरत उतरत धरणाच्या कडेला येऊन बसतो
माझ्यासारखाच, कान झाकून.

सुकलाल भोई जाळं वाळत टाकून शेकतोय.
"लोखंडाले कोन्ता मासा खाईन, भो?"
रोज विचारतो.
लोखंड नाही, स्टील आहे, मी रोज सांगतो.

स्टीलच. लग्नात आलेलं ताट,
कडेला सुईनं टिंबटिंब कोरलेलं:
मित्रमंडळ, वॅगन शेड, भुसावळ, १९८६.
रिटायर झालो त्या महिन्यात
करवतीनं त्यातून एक मासा कापला,
बोटाएवढा, शेपटीकडे निमुळता.
पोटाखाली शिसं ओतलं,
मालडब्यांच्या दारांना लावतात त्या सीलचं
(तेहतीस वर्षांत खिशातून घरी आलेलं
सरकारी म्हणाल तर एवढंच).
पाठीवर तीन भोकं.
पुढच्या भोकात दोरा ओवला तर पातं बारीक थरथरतं,
मागच्यात ओवला तर दांडगं.
थंडीत पुढचंच, असं डेन्झिल सांगायचा.
डेन्झिल आता पर्थला असतो.
तिथलं पाणी कसंय विचारलं
तर नातवाचा फोटो पाठवतो.

ताट अजून वापरात आहे.
मधे माशाच्या आकाराचं भोक,
त्यामुळे रस्सा चालत नाही,
कळण्याची भाकरी आणि ठेचा चालतो.
सिंधू मुद्दाम मलाच वाढते त्यात.

तर, थंडीत मासा धावत नाही.
खाली, नदीच्या जुन्या पात्रात,
बुडालेल्या गावाच्या उतारावर
पोट टेकून असतो,
भूक बाजूला काढून ठेवलेली.
त्याच्यापुढे नाचून उपयोग नाही.
तळ लागू द्यायचा.
मग मनगट वीतभर उचलायचं
की पातं जागं होतं,
काठीतून कोपरापर्यंत येतं.
चाकावर हातोडी मारून तडा ऐकायचो आम्ही
रात्रपाळीला, धुक्यात, गाडीमागून गाडी,
तसंच हे. फक्त कान वेगळा.
मग सोडायचं.
मासा घेतो ते पडताना.
उचलताना नाही.
हे कळायला मला दोन हिवाळे लागले,
आणि बोटांना भेगा.

आज साडेसातला,
चहाची किटली उघडायच्या बेतात असताना
दोरा पडायचं विसरला.
झटका नाही, काही नाही,
खाली जाता जाता मधेच थांबला,
कुणी नाव घेऊन हाक मारावी तसा.
मी हात मारला.
मग मात्र तो जड, हळू, रागावलेला
आमच्या दोघांच्या मधलं सगळं थंड पाणी
ओढत गेला.

शिवडा. हातभर.
तोंडात तांदळासारखे दात.
सुकलाल शेकोटी सोडून उठला,
जबड्यातून पातं त्यानंच सोडवलं,
माझी बोटं वळतच नव्हती.
उजेडाकडे धरून वाचलं:
"त्रमं."
पुन्हा वाचलं. "त्रमं.
हे कोन्ती भाषा हाये, भो?"

आम्ही हसलो, तोंडातून वाफ निघेस्तोवर.
मग मी मोजायला गेलो
त्या मंडळातले कोण कोण,
आणि चौथ्या नावाशी थांबलो.
मासा त्यालाच दिला.
अर्धा घ्या म्हणाला,
मग म्हणाला, "मले बी एक करून दे."
ताट आहे का घरी?
"पाह्यतो."

दुसऱ्या दिवशी त्यानं डब्याचं झाकण आणलं,
घासून लख्ख केलेलं, गमछात गुंडाळून.
कडेला कोरलं होतं: केसरबाई.
कोण, ते त्यानं सांगितलं नाही.
पाण्याकडे बघत विडी पेटवत राहिला,
काडी दोनदा विझली.
मी खडूनं मासा आखला, पुसला,
थोडा सरकवून परत आखला,
आणि नावाला वळसा घालून
करवत चालवली.